एका गुणोत्तराचे तीन धनी

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात कार्बन मोनॉक्साइडची ११५.२७ गिगाहर्ट्झची रेषा सापडली ती १९७० साली. दुर्बीण अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवरची, ३६ फुटी. पाहणारे तिघे बेल प्रयोगशाळेचे: रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियस. विश्वाचे पार्श्वप्रारण शोधून काढणारी पेन्झियस-विल्सन जोडी ती हीच. लगेच, १९७१ मध्ये, त्यांनी आणखी दोन रेषा जाहीर केल्या. ११०.२० गिगाहर्ट्झची रेषा कार्बन-१३ असलेल्या मोनॉक्साइडची होती आणि १०९.७८ची ऑक्सिजन-१८ असलेल्या मोनॉक्साइडची.

या विषयातला मूळ पेच तिथेच उभा राहिला. पृथ्वीवर कार्बन-१२चे ८९ अणू असतील तेव्हा कार्बन-१३चा एक असतो. त्या हिशोबाने दुसरी रेषा पहिलीच्या नव्वदाव्या भागाइतकी फिकी हवी. आकाशात ती तेवढी फिकी दिसत नाही. अनेक मेघांत दोन्ही रेषांच्या उंचीत फरक असतो तो जेमतेम तीन ते दहा पटींचा. मग त्या मेघांत कार्बन-१३ खरोखरच इतका उदंड आहे का?

रेणूची हलकी आणि जड रूपे रेडिओ लहरींत वेगवेगळी ओळखता येतात, याबद्दल आज कुणाला शंका नाही. आंतरतारकीय अवकाशात ३००हून अधिक रेणू सापडले आहेत आणि त्यांतल्या कित्येकांची समस्थानिक रूपेही नोंदली गेली आहेत. कठीण आहे ते मिळालेल्या गुणोत्तराचा अर्थ लावणे. त्या एका आकड्यावर तिघांचा हक्क असतो. ज्या ताऱ्यांनी ते अणू घडवले त्यांचा, ज्या थंड रसायनाने ते अणू रेणूंत वाटले त्याचा, आणि मेघातून बाहेर पडणाऱ्या व मेघात शिरणाऱ्या प्रारणाचा. गेल्या अर्धशतकात या क्षेत्रात जे उत्तम काम झाले ते या तिघांचे हिस्से वेगळे करण्याचे, असे माझे मत आहे. जिथे हे कष्ट टाळून ठरीव आकड्याने गुणण्याची सवय लागली, तिथले निष्कर्ष कच्चे राहिले.

आधी ओळख कशी पटते ते पाहू. वायूतला रेणू स्वतःभोवती फिरतो, पण त्याच्या फिरण्याची ऊर्जा ठरावीक पायऱ्यांचीच असू शकते. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरताना तो ठरावीक वारंवारतेची लहर सोडतो. रेणू जितका जड, तितक्या या पायऱ्या एकमेकींच्या जवळ. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातले अंतर समस्थानिक बदलल्याने जवळपास बदलत नाही, त्यामुळे सगळा फरक वस्तुमानाचा. हिशोब वहीवर करता येतो. दोन अणूंच्या वस्तुमानांचा गुणाकार घ्यायचा आणि त्याला बेरजेने भागायचे. १२ आणि १६साठी उत्तर येते ६.८५७, १३ आणि १६साठी ७.१७२. पहिल्याला दुसऱ्याने भागून ११५.२७ने गुणले की ११०.२० हाती येते. ऑक्सिजन-१८ घेतला तर १०९.७८. आकाशात रेषा सापडल्या त्या याच जागी. शांत, थंड मेघात वायूच्या हालचालींमुळे रेषा रुंदावते ती फार तर मेगाहर्ट्झच्या काही दशांशांनी. त्यापुढे पाच गिगाहर्ट्झचे अंतर म्हणजे मोकळे रानच. दोन रूपांची गल्लत व्हायचा प्रश्न नाही.

दोन अणूंच्या रेणूला वही पुरते. पाच-सहा अणूंच्या रेणूला, किंवा पृथ्वीवर क्षणभरही न टिकणाऱ्या आयनाला, प्रयोगशाळेतले मोजमापच लागते. १९७० मध्ये डेव्हिड ब्यूल आणि लुईस स्नायडर यांना ८९.१९ गिगाहर्ट्झवर एक अनोळखी रेषा मिळाली. तिला त्यांनी ‘एक्स-ओजेन’ असे तात्पुरते नाव दिले. विल्यम क्लेम्परर यांनी ती एचसीओ-प्लस या आयनाची असावी असे सुचवले, पण खात्री कोण देणार? १९७५ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये क्लॉड वुड्स आणि सहकाऱ्यांनी हा आयन तयार करून त्याची रेषा मोजली. पाठोपाठ आकाशात ८६.७५ गिगाहर्ट्झवर त्याचे कार्बन-१३ रूपही सापडले आणि ओळख पक्की झाली. जड रूपाचा हा पहिला उपयोग. अनोळखी रेणूबद्दल संशय असेल तर त्याचे कार्बन-१३ रूप हिशोबाने जिथे असायला हवे तिथे आहे का, ते पाहायचे.

खरे तर ही गोष्ट मोनॉक्साइडच्याही आधी सुरू झाली होती. रेडिओ लहरींत सापडलेला पहिला आंतरतारकीय रेणू म्हणजे ओएच, १९६३ साली, शर्मिष्ठा तारकासमूहातल्या कॅसिओपिया-ए या रेडिओ स्रोतासमोर. त्याचे ऑक्सिजन-१८ रूप अ‍ॅलन रॉजर्स आणि अ‍ॅलन बॅरेट यांना १९६६ मध्ये मिळाले. रॉजर्स यांचे नाव पुढे पुन्हा येईल.

आता पेचाकडे. कार्बन-१२च्या मोनॉक्साइडची रेषा संपृक्त झालेली असते. मेघात हा रेणू इतका दाट असतो की मागच्या भागातून निघालेली लहर पुढचे रेणू गिळून टाकतात आणि आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त पुढच्या थराचा प्रकाश. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या कड्यावर धुके दाटले की समोरची दहा पावले दिसतात, दरी किती खोल आहे ते कळत नाही, तसेच हे. अशा रेषेच्या उंचीवरून वायूचे तापमान कळते, प्रमाण कळत नाही. कार्बन-१३चे रूप बरेच विरळ, त्याची लहर मेघाच्या आतपर्यंतची खबर आणते. ऑक्सिजन-१८चे आणखी विरळ, ते आणखी आतले सांगते. म्हणून मेघाचे वजन करायचे असेल, त्यातला कोणता गाभा कोसळून तारा होणार ते हेरायचे असेल, तर खगोलशास्त्रज्ञ दुर्मीळ रूपाकडे वळतात. हायड्रोजनचा रेणू थंड मेघात रेडिओ लहरी सोडतच नाही. त्याची मोजदाद या दुर्मीळ मोनॉक्साइडवरूनच होते.

पण गुणोत्तरच मोजायचे असेल तर काय करायचे? कार्बन-१३चा मोनॉक्साइडही दाट मेघांत अर्धवट संपृक्त असतो. विल्यम लँगर आणि पेन्झियस यांनी १९९०च्या सुमारास जो मार्ग पत्करला तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वात स्वच्छ वाटतो. त्यांनी ऑक्सिजन-१८ असलेल्या मोनॉक्साइडचीच दोन रूपे ताडून पाहिली, एक कार्बन-१२चे आणि एक कार्बन-१३चे. दोन्ही इतकी विरळ की संपृक्ततेचा प्रश्न बव्हंशी मिटतो, आणि ऑक्सिजन दोन्हीकडे तोच असल्याने भागाकारात उडून जातो. किंमत मोजावी लागते ती वेळेची. कार्बन-१३ आणि ऑक्सिजन-१८ एकत्र असलेला रेणू साध्या मोनॉक्साइडच्या तुलनेत हजारोंत एक असतो. रेडिओ ग्राहकातला गोंगाट वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजे दहापट फिकी रेषा तितक्याच स्पष्टपणे दिसायला शंभरपट वेळ हवा. १०४.७१ गिगाहर्ट्झची ती बारीकशी रेषा अशी वाट पाहून मिळवलेली आहे.

त्यातून जे चित्र उभे राहिले ते पुढच्या मापनांनी भक्कम केले. आकाशगंगेच्या केंद्राजवळ कार्बन-१२ आणि कार्बन-१३ यांचे गुणोत्तर २० ते २५ आहे. केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या शेजारात, ते ७०च्या आसपास आहे आणि बाहेरच्या कडेला शंभराच्या पुढे जाते. ऑक्सिजनचेही तसेच: १६ आणि १८चे गुणोत्तर केंद्राजवळ सुमारे २५०, आपल्या शेजारात साडेपाचशेच्या घरात. स्टेफनी मिलम आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मोनॉक्साइड, सायनोजेन मूलक आणि फॉर्माल्डिहाइड अशा तीन रेणूंची कार्बनची मापने शेजारी ठेवली. तिन्ही रेणू अगदी वेगळ्या रासायनिक वाटांनी बनतात, तरी तिघांनी केंद्रापासून कडेपर्यंत तोच चढ दाखवला. रसायनाचा हात मोठा असता तर तिघांचे सूर जुळले नसते. हा चढ ताऱ्यांचा आहे, असे म्हणायला आधार मिळतो तो इथे.

ताऱ्यांचा म्हणजे कसा? हेलियमची तीन केंद्रके जुळून कार्बन-१२ बनते, त्याला आधीच्या कशाची गरज लागत नाही. कार्बन-१३ मात्र आधीच्या कार्बनला प्रोटॉन चिकटूनच तयार होतो. तो मुख्यतः मध्यम वस्तुमानाच्या ताऱ्यांच्या पोटात बनतो आणि त्यांच्या म्हातारपणी बाहेर फेकला जातो. म्हणून ताऱ्यांच्या जितक्या पिढ्या उलटल्या तितका कार्बन-१३ वाढलेला. केंद्राकडे पिढ्या भराभर झाल्या, कडेला सावकाश. सूर्यमालेतले ८९ हे गुणोत्तर ४.६ अब्ज वर्षांपूर्वी गोठलेले आहे. त्यानंतर आपल्या शेजारातला वायू बदलत गेला आणि आज ७०च्या जवळ आला. जुनी नोंद आपल्या हाडांत, नवी समोरच्या मेघात.

इथवर पहिल्या धन्याचे झाले. दुसऱ्याचा, म्हणजे रसायनाचा, जोर ड्यूटेरियमइतका कुठेच दिसत नाही.

ड्यूटेरियम हा जड हायड्रोजन महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत बनला. तारे तो घडवत नाहीत, जाळतात. आपल्या परिसरातल्या वायूत हायड्रोजनच्या लाखभर अणूंमागे त्याचे एक-दोन अणू सापडतात. त्याची अणुरूपातली रेडिओ रेषा ३२७ मेगाहर्ट्झवर, सुमारे ९२ सेंटिमीटर लांबीच्या लहरींत येते. उटीची दुर्बीण याच वारंवारतेवर चालते. के. आर. अनंतरामय्या आणि व्ही. राधाकृष्णन यांनी १९७९ मध्ये तिच्या साहाय्याने आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने ही रेषा शोधून पाहिली आणि प्रमाणाची कमाल मर्यादा घालून दिली. रेषा हाती लागली २००५ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या हेस्टॅक वेधशाळेत खास त्यासाठी उभारलेल्या अँटेनांच्या मांडणीने. त्या गटाचे प्रमुख अ‍ॅलन रॉजर्सच होते, ऑक्सिजन-१८ टिपणारे. जवळपास चाळीस वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने दोन मूलद्रव्यांच्या जड रूपांचा माग काढावा, याचे मला फार अप्रूप वाटते. (नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा पट्टाही ३२७ मेगाहर्ट्झला कवेत घेतो. मात्र रेणूंच्या बहुतेक रेषा मिलिमीटर लहरींत येतात. त्या लहरी जीएमआरटीच्या तारेच्या जाळीदार तबकड्यांतून आरपार जातात, म्हणून त्यांच्यासाठी चिलीच्या पठारापर्यंत जावे लागते.)

अणूंचे प्रमाण असे लाखात एक-दोन. मग १९७३ मध्ये जेफर्ट्स, पेन्झियस आणि विल्सन यांना मृगात हायड्रोजन सायनाइडचे ड्यूटेरियम रूप मिळाले तेव्हा ते इतके ठळक का होते? अणूंच्या प्रमाणाच्या शेकडो पट ते जास्त निघाले. महास्फोटाने इतका ड्यूटेरियम बनवला असता तर विश्वाच्या घनतेचे सगळे गणित बदलले असते. पण फिलिप सॉलोमन आणि नेव्हिल वुल्फ यांनी त्याच वर्षी दाखवले की हा रसायनाचा परिणाम आहे, आणि विल्यम वॉटसन यांनी त्यामागची आयनांची यंत्रणा पुढे मांडली.

ती यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. थंड मेघात वैश्विक किरणांमुळे एच-थ्री-प्लस हा तीन हायड्रोजनांचा आयन सतत बनत असतो. त्याची गाठ एका हायड्रोजन आणि एका ड्यूटेरियमच्या रेणूशी पडली की अदलाबदल होते: ड्यूटेरियम आयनात जातो आणि एच-टू-डी-प्लस तयार होतो. जड अणू असलेल्या बंधाची किमान ऊर्जा थोडी कमी असते, म्हणून या देवघेवीत सुमारे २३० केल्विनइतकी ऊर्जा मोकळी होते. उलट्या दिशेने जायला तेवढी ऊर्जा परत लागते, आणि मेघाचे तापमान असते १० केल्विन. रस्ता एकेरी होतो. ड्यूटेरियम आयनात शिरतो तो तिथून सहज निघत नाही, आणि हा आयन पुढे भेटेल त्या रेणूला तो देऊन टाकतो. त्यात भर म्हणजे २० केल्विनच्या खाली मोनॉक्साइड धूलिकणांवर गोठून बसतो. एरवी या आयनाचा फडशा पाडणारा मुख्य रेणू तोच. तो बाजूला झाल्यावर ड्यूटेरियमची साठवण वाढतच जाते.

याची परिसीमा अमोनियात दिसते. तिन्ही हायड्रोजनांच्या जागी ड्यूटेरियम असलेला अमोनिया २००२ मध्ये ययाती तारकासमूहातल्या दोन ठिकाणी सापडला, बार्नार्ड-१ आणि एनजीसी १३३३ इथे. निव्वळ योगायोगावर सोडले असते तर लाखात दीड हा आकडा तीनदा स्वतःशी गुणावा लागला असता. प्रत्यक्षात या रेणूचे प्रमाण साध्या अमोनियाच्या हजारात एक इतके निघाले. म्हणजे अपेक्षेच्या दहा हजार कोटींहून अधिक पट. निसर्गात एवढी मोठी समस्थानिक निवड करणारी दुसरी जागा मला माहीत नाही. मूळ आयन एच-टू-डी-प्लसची ३७२.४२ गिगाहर्ट्झची रेषा १९९९ मध्ये मिळाली. २००३ मध्ये पाओला काझेल्ली यांना वृषभेतल्या एल१५४४ या गोठलेल्या गाभ्यात ती फार ठळक दिसली. तारा अजून जन्मायचाच आहे अशा या गाभ्याच्या मध्यभागी दुसरा जवळपास कुठलाच रेणू वायुरूपात उरत नाही, त्यामुळे तिथे डोकवायचे तर या आयनाच्याच आधाराने.

हाच आयन घड्याळासारखा वापरता येतो. एच-टू-डी-प्लसची दोन फिरक-रूपे असतात आणि त्यांचे प्रमाण मेघ जुना होत जाईल तसे बदलते. भुजंगधारीतल्या आयआरएएस १६२९३ या नवजात ताऱ्याभोवतीच्या वायूत सँड्रा ब्रुंकेन आणि सहकाऱ्यांनी ही दोन्ही रूपे मोजली. त्यासाठी चिलीतली एपेक्स दुर्बीण आणि विमानात बसवलेली सोफिया अशा दोन्ही वापराव्या लागल्या. २०१४ मध्ये त्यांनी उत्तर दिले: हा वायू किमान दहा लाख वर्षे थंड आणि दाट अवस्थेत राहिलेला आहे. मेघ कोसळून तारा व्हायला किती काळ लागतो हा ताराजन्माच्या अभ्यासातला जुना वाद. त्यात हे मापन वजनदार ठरले.

कार्बनच्या बाबतीत रसायनाचा हात हलका असतो, पण तो कुठे पडला हे बारकाईने पाहिले तर रेणू कसा बनला तेच कळते. वृषभेत सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर टीएमसी-१ नावाचा थंड मेघ आहे. तिथे सायनोअ‍ॅसिटिलीन विपुल आहे: एका ओळीत हायड्रोजन, तीन कार्बन, नायट्रोजन. कार्बन-१३ या तिन्हीपैकी कोणत्याही जागी बसू शकतो. वजन तेच असले तरी जागा बदलली की रेणूचे फिरणे बदलते, म्हणून तिघांच्या रेषा वेगळ्या. शुरो ताकानो आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या नोबेयामाच्या ४५ मीटर दुर्बिणीने या तीन रेषा मोजून १९९८ मध्ये प्रसिद्ध केल्या. पहिल्या दोन जागांचे प्रमाण सारखे आले. नायट्रोजनला चिकटलेल्या तिसऱ्या जागेवर मात्र कार्बन-१३ सुमारे १.४ पट.

याचा अर्थ सुंदर लागतो. पहिले दोन कार्बन अशा रेणूतून आले असणार ज्यात दोघांमध्ये फरकच नाही. अ‍ॅसिटिलीन तसा आहे: दोन कार्बन, दोन्हीकडे एकेक हायड्रोजन. तिसरा आला सायनोजेन मूलकातून, आणि त्याच्यात कार्बन-१३ थोडा जास्त. म्हणजे अ‍ॅसिटिलीन अधिक सायनोजेन, हाच तिथला मुख्य मार्ग. शेकडो प्रकाशवर्षांवर चाललेल्या अभिक्रियेची वाट इथून, फक्त तीन फिक्या रेषांची उंची ताडून, ठरवता आली. एल१३४एन या दुसऱ्या मेघात तिघांचे प्रमाण निराळे आले आणि तिथे दुसरा मार्ग मुख्य असावा असा निष्कर्ष निघाला. टीएमसी-१मध्येच सीसीएस या दोन कार्बन आणि एक गंधक असलेल्या रेणूत दोन जागांमधला फरक चौपटीच्याही वर गेला. हे नामी साकाई यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले. मला हे काम एकूण गुणोत्तराच्या मापनांपेक्षा मोलाचे वाटते. एकूण गुणोत्तरावर तिघे धनी हक्क सांगतात. एकाच रेणूतल्या दोन जागांची तुलना केली की तारे वादातून बाहेर पडतात, कारण दोन्ही जागांना तोच वायू मिळालेला असतो. प्रारणाचाही तिथे फारसा संबंध उरत नाही. राहते ते निखळ रसायन.

प्रारणाचा हिस्सा मेघाच्या कडेला दिसतो. ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने मोनॉक्साइड तुटतो, पण तो तुटायला ठरावीक तरंगलांबीच लागते. कार्बन-१२ आणि ऑक्सिजन-१६चा रेणू इतका दाट असतो की बाहेरचे थर त्या तरंगलांब्या गिळून आतल्या थरांना वाचवतात. ऑक्सिजन-१८च्या रूपाला असे छत्र नसते. ते जरा खोलवरही तुटत राहते. म्हणून मेघाच्या कडेला त्याचे प्रमाण घटते, आणि सुटे झालेले ऑक्सिजन-१७ व १८चे अणू पुढे धूलिकणांवरच्या पाण्याच्या बर्फात जातात. रेडिओ खगोलशास्त्रात रुजलेली ही कल्पना उल्काश्मांच्या अभ्यासकांना उपयोगी पडली. मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे उल्काश्मात रॉबर्ट क्लेटन यांना १९७३ मध्ये ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा विचित्र तोल सापडला होता. तो कुठून आला याचे आज सर्वाधिक मान्य असलेले उत्तर म्हणजे मोनॉक्साइडचे हेच निवडक तुटणे. सौरवात गोळा करून आणणाऱ्या जेनेसिस यानाच्या नमुन्यांत सूर्याचा ऑक्सिजन पृथ्वीपेक्षा हलका निघाला आणि त्या उत्तराला बळ मिळाले.

एक इशाराही इथेच नोंदवायला हवा, पृथ्वीवरचे प्रमाण आकाशाला लावण्याबद्दलचा. हर्शेल अवकाश दुर्बिणीला विरळ मेघांत ६१७.५ गिगाहर्ट्झवर एक रेषा दिसत होती आणि ती कशाची ते काही केल्या उमगत नव्हते. उत्तर आले २०१३ मध्ये, मायकेल बार्लो यांच्या गटाला तीच रेषा वृषभेतल्या खेकडा तेजोमेघात दिसली तेव्हा. ती आर्गॉन आणि हायड्रोजनच्या आयनाची होती. पृथ्वीच्या हवेतला आर्गॉन जवळजवळ सगळा आर्गॉन-४० आहे, कारण तो खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशियमपासून बनतो. ताऱ्यांच्या स्फोटात बनतो तो आर्गॉन-३६. ‘नेहमीचा’ आर्गॉन धरून हिशोब केला तर रेषा ६१५.९ गिगाहर्ट्झवर हवी, आणि तिथे काहीच नव्हते. अवकाशात सापडलेला निष्क्रिय वायूचा हा पहिला रेणू.

हा इशारा नायट्रोजनच्या बाबतीत अजून पुरता मनावर घेतलेला नाही. नायट्रोजन-१४ आणि १५ यांचे गुणोत्तर सूर्यात सुमारे ४४०, पृथ्वीच्या हवेत २७२, धूमकेतूंत १४०-१५०. एल१५४४मध्ये एन-टू-एच-प्लस या आयनावरून ते हजाराच्या आसपास निघाले. एकाच मूलद्रव्याचे आकडे सातपटींनी फाकलेले, आणि त्यांना एका धाग्यात ओवणारे सर्वमान्य स्पष्टीकरण नाही. अदलाबदलीच्या अभिक्रिया बारकाईने तपासल्या तर त्यांतल्या काहींना मोठा अडथळा असल्याचे निघाले. आयन इलेक्ट्रॉनशी जुळून मोडतो तेव्हा दोन समस्थानिकांचा वेग निराळा असावा, अशी दिशा अलीकडे दिसते आहे. पण अडचण मापनातही आहे. हायड्रोजन सायनाइडची मुख्य रेषा संपृक्त, म्हणून बरेच जण त्याचे कार्बन-१३ रूप मोजतात, ६८ने गुणतात आणि आलेल्या आकड्याला नायट्रोजन-१५च्या रूपाने भागतात. पण ६८ हा शेजारच्या वायूतल्या कार्बन अणूंचा सरासरी आकडा आहे. थंड गाभ्यातल्या हायड्रोजन सायनाइडमध्ये कार्बन-१३ त्याच प्रमाणात आहे असे कुणी सांगितले? सायनोअ‍ॅसिटिलीनच्या एकाच रेणूत कार्बनच्या दोन जागा सारख्या वागत नाहीत हे दिसून पाव शतक उलटले. तरीही नायट्रोजनच्या तक्त्यांत ६८चा गुणाकार चालूच आहे. माझ्या मते असे आकडे थेट मापनांबरोबर एका स्तंभात मांडूच नयेत.

पाण्याच्या बाबतीत मात्र सगळे बरे जुळून आले आहे. साध्या पाण्याच्या रेषा आपल्याच हवेतली वाफ अडवते. त्यामुळे जमिनीवरून ऑक्सिजन-१८चे पाणी आणि अर्धजड पाणी, म्हणजे एकच हायड्रोजन जड असलेले, पाहतात. मृगातल्या व्ही८८३ या तरुण ताऱ्याभोवतीची तबकडी एका उद्रेकामुळे तापली आहे आणि तिच्यातला बर्फ वाफ झाला आहे. जॉन टोबिन यांच्या गटाने चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने तिथे २०३ गिगाहर्ट्झची जड ऑक्सिजनच्या पाण्याची रेषा आणि २२५ गिगाहर्ट्झची अर्धजड पाण्याची रेषा मोजली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रमाण: हजार रेणूंमागे सव्वादोन अर्धजड पाण्याचे. आपल्या समुद्राच्या पाण्यात ते हजारी ०.३ आहे. धूमकेतूंत ते या दोहोंच्या मध्ये पडते, आणि नवजात ताऱ्यांभोवतीचे आकडे व्ही८८३च्या जवळ आहेत. नंतर त्याच तबकडीत दोन्ही हायड्रोजन जड असलेले पाणीही सापडले. तबकडीत पाणी मोडून पुन्हा घडले असते तर हे रूप असे टिकले नसते. ग्रह बनण्याआधीच्या थंड मेघातले पाणी तसेच्या तसे पुढे येते, हे आता तर्काच्या पलीकडे गेले आहे.

दूरच्या दीर्घिकांत गोष्ट पुन्हा ताऱ्यांकडे वळते. झी-यू झांग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या, धुळीने झाकलेल्या आणि झपाट्याने तारे घडवणाऱ्या काही दीर्घिकांत कार्बन-१३ आणि ऑक्सिजन-१८च्या मोनॉक्साइडचे गुणोत्तर मोजले. ते एकाच्या जवळ आले. आपल्या आकाशगंगेत ते बरेच मोठे असते. ऑक्सिजन-१८ मुख्यतः वजनदार ताऱ्यांचा, कार्बन-१३ मध्यम ताऱ्यांचा. म्हणजे त्या दीर्घिकांत वजनदार तारे प्रमाणाबाहेर जन्मत असावेत. दोन्ही रेषा १०९.८ आणि ११०.२ गिगाहर्ट्झ अशा लगटून असल्याने ग्राहकाच्या बऱ्याच चुका भागाकारात उडून जातात. वायू एकत्र मिसळलेला असेल तर रसायनाचा आणि प्रकाशाचा हिस्साही एवढा मोठा फरक पाडू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे आणि तो मला पटतो.

आता सर्वात निकड आहे ती एकाच दुर्बिणीने, एकाच विभेदनाने केलेल्या मापनांची. थंड मेघातल्या ड्यूटेरियम रूपांच्या पायाभूत रेषा ७० ते ८० गिगाहर्ट्झच्या दरम्यान दाटीने बसल्या आहेत: ७२.०४वर डीसीओ-प्लस, ७२.४१वर डीसीएन, ७६.३१वर डीएनसी, ७७.११वर एन-टू-डी-प्लस. चिलीत ५,००० मीटर उंचीवरची आल्मा २०११ मध्ये पाहू लागली, पण ५० ते ८४ गिगाहर्ट्झच्या दरम्यान तिच्याकडे ग्राहक नव्हता. ६७ ते ११६ गिगाहर्ट्झचे पट्टा-२चे ग्राहक तयार झाले असून ते तिच्या तबकड्यांवर बसवले जात आहेत. कार्बन-१३चा एचसीओ-प्लस, नायट्रोजन-१५चा हायड्रोजन सायनाइड आणि मोनॉक्साइडची दुर्मीळ रूपे याच पट्ट्यात येतात. आजवर एल१५४४चा ड्यूटेरियम एका दुर्बिणीने, नायट्रोजन दुसऱ्या दुर्बिणीने आणि वेगळ्या विभेदनाने मोजला जात होता, आणि गुणोत्तरे काढताना गाभ्याचे वेगवेगळे भाग एकमेकांना भागले जात होते. नव्या ग्राहकांनी गाभ्याच्या त्याच बिंदूवर हे सगळे एकत्र मोजता येईल, आणि कार्बनसाठी ६८ गृहीत धरण्याची गरजही उरणार नाही.